पुसूबाईची टाकी

तिला मिळणार होते ते मोजकेच होते. कला मंडळाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली, त्या खोलीला उत्तरेची खिडकी, खिडकीखाली एक लहानसे दाबयंत्र, आणि हे सगळे दोन वर्षे. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात ज्याचे छापचित्र पहिले येईल, त्याला ती खोली मिळायची. तिच्या हिशेबात आणखी एक लाभ होता, तो मंडळाच्या जाहिरातीत छापलेला नव्हता. त्या खोलीत पाठीमागे उभे राहून "लेबलाचं कुठवर आलं?" असे कोणी विचारणार नव्हते. बदल्यात द्यायचे होते एक चित्र. सौदा स्वस्त आहे, असे मलाही वाटले होते.

मित्रांनो, मी कोण हे सांगायचे राहिलेच. मी दगड आहे. गुरुजी रागावून "अगदीच दगड आहेस" म्हणतात, तो नव्हे. शिळाछापाचा दगड. माझा जन्म फार जुना. समुद्राच्या तळाशी गाळ बसत बसत मी घडलो. तेव्हा मला काही काम नव्हते आणि कोणी त्यावरून बोलतही नव्हते. मग मला खाणीतून काढले, चौकोनी कापले, गवतात गुंडाळले आणि एका छापखान्यात आणून टाकले. तेव्हा मी चार बोटे जाड होतो आणि माझा रंग दुधावरच्या सायीसारखा होता.

पूर्वी रंगीत चित्रे छापायची, तर ती आमच्यासारख्या दगडांवर काढावी लागत. चरबीच्या खडूने माझ्या पाठीवर चित्र काढायचे, तेही उलटे, आरशात दिसते तसे. मग मला ओले करायचे. तेलापाण्याचे भांडण तुम्हाला ठाऊकच आहे. चरबी असेल तिथे पाणी थांबत नाही, आणि पाणी असेल तिथे तेलकट शाई बसत नाही. त्यामुळे शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांवर चढते. वर कागद, कागदावर दाब, आणि कागद उचलला की चित्र सुलटे.

एक काम संपले की पुढच्या कामासाठी जुने चित्र घासून काढायचे. माझ्यावर वाळू आणि पाणी टाकायचे, वर दुसरा दगड ठेवायचा आणि तो गोल गोल फिरवत राहायचे. ‘दगडावरची रेघ’ म्हणजे कधी न पुसणारी, असे तुम्ही म्हणता. ज्याने हे पहिल्यांदा म्हटले, तो कधी छापखान्यात आला नसावा. आमच्याकडे दगडावरची रेघ रोज कुठे ना कुठे पुसली जात होती, आणि रेघेबरोबर दगडाची थोडी जाडीही. म्हणून मी हिशेब जाडीत ठेवतो. कोणी पैशांत ठेवतो, कोणी उपकारांत. मला जे झिजते तेच कळते.

माझ्यावर खोकल्याच्या औषधाची लेबले निघाली, काडेपेट्यांची निघाली, बिस्किटांच्या डब्यांची निघाली. आणि मग एके दिवशी माझ्यावर तेलवाली आली. केसांना लावायच्या तेलाची जाहिरात होती ती. बाटलीवर तिचे छोटे चित्र असे, आणि दुकानाच्या भिंतीवर मोठे. मोठे चित्र माझ्यावर होते. लांब मोकळे केस, हातात कंगवा, आणि ओठांवर असे हसू, की बघणाऱ्याला वाटावे आपल्यालाच काहीतरी सांगायचे ठेवले आहे. ती काढणारा चितारी छापखान्यातलाच होता. चित्राखाली तेलाच्या कंपनीचे नाव होते, छापखान्याचे नाव होते. चिताऱ्याचे नव्हते. ते घालायची पद्धतच नव्हती.

तेलवाली माझ्या पाठीवर वर्षानुवर्षे राहिली. घरोघर, दुकानोदुकानी तिचे हसू पोचले. इतकी वर्षे एकच चरबी अंगावर राहिली की ती दगडात खोल मुरते. माणसांच्या सवयींचेही असेच असते म्हणतात, पण तो माझा विषय नाही.

चिताऱ्याच्या डोळ्यांपुढे हळूहळू धुके आले. उजेड आणि मोठे आकार तेवढे दिसत. छापखान्याचा मालक वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला प्रत्येक माणसाच्या कपाळावर बेरीज लिहिलेली दिसायची. त्याने बेरीज केली. म्हाताऱ्याला काढून टाकले तर लोक नावे ठेवतील. त्याला दगड घासायला बसवले, तर त्या कामाला डोळे लागत नाहीत. आणि त्याच्या जागी त्याच्याच मुलीला घेतले, तर तिला शिकवावे लागत नाही, कारण ती लहानपणापासून बापाच्या हाताखाली उलटी अक्षरे गिरवत आली आहे. शिवाय बाप इथे असेपर्यंत ती दुसरीकडे जाणार नाही. एका दगडात इतके पक्षी मारणारा मालक मी दुसरा पाहिला नाही.

तिचे नाव कागदोपत्री काहीतरी होते, पण छापखान्यात तिला सगळे पुसूबाई म्हणत. हे नाव ठेवले टपालने. टपाल म्हणजे आमचा यंत्र चालवणारा. इकडची गोष्ट तिकडे पोचवायची त्याला इतकी हौस, की त्याचे खरे नाव त्याच्या बायकोलाच तेवढे आठवत असावे. जेवणाच्या सुट्टीत ती वाया गेलेल्या लेबलांच्या कोऱ्या बाजूवर चित्रे काढायची. दहा रेघा काढायची आणि नऊ पुसायची.

"पुसूबाई, उरलेली एक पण पुसून टाका," टपाल म्हणायचा. "कोरा कागद आम्हाला तरी वापरता येईल."

"तुझ्या बडबडीतलं असंच पुसलं तर काय उरेल रे?" ती मान वर न करता म्हणायची.

त्या काळात सगळ्याच गोष्टी अंगावरची नक्षी उतरवू लागल्या होत्या. इमारतींच्या कपाळावरची वेलबुट्टी गेली. रेडिओला तिरके पाय फुटले. मालकाने नव्या धाटणीची तीन पायांची खुर्ची आणली आणि दोनदा तिच्यावरून पडला, पण आणली ती आणलीच. आमच्या खिडकीसमोर रस्त्याच्या टोकाला पाण्याची उंच टाकी नुकतीच बांधून झाली होती. चार तिरके काँक्रीटचे पाय, वर मोठे गोल पोट, आणि पोटाला टेकलेली लोखंडी शिडी. लोक म्हणायचे, ध्यान आहे. ती मात्र रोज बघत बसायची. पूर्ण महिना तिने ती टाकी कागदावर काढली आणि पुसली.

मंडळाची जाहिरात आली तशी ती मालकाकडे गेली.

"एक दगड हवाय. मोठा. माझ्या चित्रासाठी."

"कसलं चित्र?"

"टाकीचं."

मालकाने खिडकीबाहेर पाहिले. "ही टाकी? अहो, ती तर फुकट दिसते."

"म्हणूनच कोणी बघत नाही."

मालकाने मनातल्या मनात मांडणी केली. तेलाच्या कंपनीला आता आखूड केसांची, गॉगल लावलेली नवी तेलवाली हवी होती आणि तीही दगडाऐवजी धातूच्या पत्र्यावरून छापलेली. पत्रे हलके होते, स्वस्त होते, यंत्रावर गरगर फिरत. जुन्या तेलवालीचा, म्हणजे माझा, उपयोग संपला होता. "तो तेलवालीचा घ्या," तो म्हणाला. "पण लेबलांचं काम मागे पडता कामा नये, आणि दगडाला तडा जाता कामा नये."

ती बापाकडे आली. तो कोपऱ्यात वाळूच्या डब्याशेजारी बसला होता.

"बाबा, मला तेलवालीचा दगड मिळालाय. ती पुसावी लागेल."

"मग पुसू या की," म्हातारा झटकन म्हणाला. "दगड म्हणजे काय शोभेचं कपाट आहे? घासणं माझं काम. तू तुझा खडू तास."

मित्रांनो, मी त्या हातांना चांगला ओळखत होतो. एरवी ते वरचा दगड आठाच्या आकड्यासारखा फिरवत, सगळीकडे सारखा भार देत. त्या दिवशी कडा घासताना ते एरवीसारखेच जड होते. मधोमध आले की हलके होत. जणू झोपलेल्या पोराच्या अंगावरून हात फिरवावा. वरून मी स्वच्छ कोरा दिसत होतो. तिने पाहिले, बोटाने तपासले, समाधानाने मान हलवली. आत काय राहिले ते फक्त मला आणि त्या हातांना ठाऊक होते. मला तोंड नाही. हातांनाही नसते.

मग तिने टाकी काढली. रोज लेबलांचे काम संपले की माझ्यावर वाकून थोडी. एक मोठा गोल, तोही पुरता गोल नाही, पाण्याच्या वजनाने खाली किंचित बसलेला. चार तिरक्या रेघा. एक शिडी, जिच्या वरच्या दोन पायऱ्या तिने काढल्याच नाहीत. आणि बाकी नुसता मोकळा दगड. आयुष्यभर मी इंच इंच भरलेला राहिलो होतो. फुले, पदके, झालरी, अक्षरे. पहिल्यांदाच माझा कोरा भागही कामाला लागला होता. मला ते आवडले, हे कबूल करतो.

टपालने पाहिले आणि म्हणाला, "हा काय, खुर्चीवर बसवलेला माठ?"

"होय. तुझ्यासारखाच, आतून पोकळ."

छापायला बसले तेव्हा पहिले कागद सुरेख उठले. स्वच्छ गोल, काळ्याभोर रेघा. ती एकेक कागद उजेडाला धरून बघत होती आणि टेबलावर ठेवत होती. जेवणानंतर मात्र गोलाच्या आत काहीतरी धुरकट दिसू लागले. कागदागणिक ते गडद होत गेले. आधी केसांची बट, मग भुवई, मग ते हसू. टाकीच्या पोटात तेलवाली उगवली होती.

"दगडात जुनी चरबी राहिलीय," ती चडफडत म्हणाली. बापाकडे तिने पाहिले नाही. बापानेही विचारले नाही. तिने काम थांबवले, बिघडलेले कागद उचलून स्टुलावर रद्दीत टाकले. स्वच्छ कागद पुरेसे झाले होते. तेवढ्यात मालकाची हाक आली, काडेपेटीचे लेबल तातडीने हवे होते. ती जाता जाता टपालला म्हणाली, "टेबलावरचा एक चांगला कागद बघून मंडळात पोचव. आजच. उद्या घेणार नाहीत."

आता टपालची बाजू समजून घ्या. तो आळशी नव्हता, लबाडही नव्हता. वर्षानुवर्षे त्याने तेलवालीचे कागद तपासले होते. चांगला कागद कोणता आणि वाईट कोणता, हे ठरवायची त्याची एकच कसोटी होती: बाईचा चेहरा नीट उठला की नाही. चेहरा पुसट तर कागद रद्दी, चेहरा ठळक तर कागद पास. त्याने टेबलावरचे कागद पाहिले. एकाही कागदावर चेहरा नाही! बिचारीची सगळी छपाई फसली, असे त्याला वाटले. मग त्याने स्टुलावरचा गठ्ठा चाळला, ज्यात चेहरा सगळ्यात छान उठला होता तो कागद निवडला आणि तिच्यावर उपकार करतो आहोत अशा समाधानाने मंडळात नेऊन दिला.

पुढच्या आठवड्यात मंडळाचे परीक्षक स्वतः छापखान्यात आले. उंच, किडकिडीत गृहस्थ. वाक्य सुरू करण्याआधी चष्मा काढायचे आणि संपल्यावर घालायचे. बगलेत तो कागद होता.

"कुठे आहेत त्या?" त्यांनी विचारले. "मला त्यांचं अभिनंदन करायचं आहे. एकमताने पहिलं!"

ती हात पुसत पुढे आली. मालक खुर्चीवरून उठला, या वेळी न पडता. टपाल तर जणू बक्षीस त्यालाच मिळाल्यासारखा उभा होता. परीक्षकांनी कागद माझ्या पाठीवर पसरला आणि चष्मा काढला.

"हे यंत्रयुग. हे काँक्रीट. आणि त्याच्या पोटात ही स्त्री! दिसते आणि दिसत नाही. हे हसू बघा. मी रात्रभर या हसण्याचा विचार करतोय. असं हसू काढायला काय हात लागतो! टाकी कोणीही काढेल हो. पण हा चेहरा…"

ते बराच वेळ बोलले. ती कागदाकडे बघत होती. मी मात्र कोपऱ्याकडे बघत होतो. म्हाताऱ्याचा हात वाळूच्या डब्यात तसाच थांबला होता. चाळीस वर्षे चित्रे काढलेल्या माणसाच्या रेघेबद्दल एक शिकलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता. म्हाताऱ्याने मान थोडी तिरपी केली होती, शब्द सांडू नयेत म्हणून.

"हा चेहरा माझा नाही," ती म्हणाली.

"म्हणजे? तुमच्या ओळखीच्या कोणाचा आहे?"

"म्हणजे मी काढलेला नाही. माझ्या वडिलांनी काढलाय. केसांच्या तेलाच्या जाहिरातीसाठी. दगडात राहून गेला आणि छापताना वर आला. हा कागद मी रद्दीत टाकला होता."

परीक्षकांनी चष्मा घातला, कागद पाहिला, पुन्हा काढला. टपाल हळूच यंत्रामागे सरकला.

"अपघात होतात," परीक्षक सावरून म्हणाले. "कलेत अपघातालाही जागा असते. तुम्ही आत्ता म्हणालात की हे तुम्हाला हवं होतं, तर संपला विषय. कोणाला कळणार आहे?"

"मग दोघांची नावं घाला. त्यांचं आणि माझं."

"नियमात बसत नाही. एक चित्र, एक चित्रकार. खोली एकालाच मिळते."

इथे मालक पुढे सरसावला. त्याच्या डोक्यात एव्हाना नवी बेरीज झाली होती. बक्षीस मिळालेली तेलवाली! कंपनी जुने चित्र परत मागेल, कॅलेंडरे निघतील, भिंतीभिंतीवर लागेल. "अहो पुसूबाई, घरात आलेली लक्ष्मी लाथाडू नये," तो म्हणाला. "वडिलांचं ते मुलीचंच की. काय हो चितारीबुवा?"

सगळे कोपऱ्याकडे वळले. म्हातारा सावकाश उठला. "माझं नाव कशाला मध्ये?" तो म्हणाला. "मी बाटलीवरचा माणूस. तू घे पोरी खोली. माझी हरकत नाही."

"माझी आहे."

"हट्ट करू नको."

"बाबा, तुम्ही काढलेला चेहरा एकदा तुमच्या नावाशिवाय विकला गेला. दुसऱ्यांदा विकणारी मी नसेन." मग ती परीक्षकांकडे वळली. "आणि टाकी कोणीही काढेल म्हणालात ना? ती मी काढलीय. तेवढीच बघा आणि मग सांगा."

परीक्षक गुणी माणूस होते, पण त्यांना घाईत घेतलेले मत बदलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "प्रदर्शनाचं दार उघडायच्या आत स्वच्छ कागद आणून द्या. पुन्हा बघू. पण एक सांगतो, हा चेहरा गेला तर गूढ जाईल." आणि कागद माझ्या पाठीवरच ठेवून निघून गेले.

तुम्ही म्हणाल, स्वच्छ कागद टेबलावर होतेच, त्यातला एक द्यायचा. तिलाही तेच वाटले होते. पण मालकाच्या नजरेतून कोरा कागद कधी सुटत नसे. त्याने ते सगळे कागद आदल्याच दिवशी काडेपेटीच्या लेबलांच्या गठ्ठ्यांना बांधायला दिले होते. कोऱ्या बाजूचा एवढा चांगला कागद तो वाया कसा जाऊ देणार?

तेव्हा पुन्हा छापायचे, आणि पुन्हा छापायचे म्हणजे मला मुळापासून घासायचे. छापखान्याला सुट्टी होती त्या दिवशी सकाळी ती किल्ली घेऊन आली. बाप तिच्याबरोबर आला. त्याने सदरा काढून खुंटीला लावला. बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवला. हाताला काही लागत नव्हते, कारण शिळाछापात ना खाच असते ना उंचवटा. तरी तो मधोमध थांबला. नेमका तिथेच.

"मागच्या वेळी मीच हात राखला," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"कडा इतक्या सुरेख घासल्या होत्यात. आणि मध्ये तुम्ही चुकाल, असं होतं का कधी?"

म्हातारा हसला. मग म्हणाला, "त्या माणसाने काय म्हटलं गं हसण्याबद्दल? पहिलं वाक्य मला नीट ऐकू आलं नाही."

तिने सांगितले. शब्द न शब्द, चष्मा काढण्यासकट. ऐकून झाल्यावर म्हाताऱ्याने डब्यातून वाळू घेतली. जाड वाळू. "हं. धर तिकडून," तो म्हणाला.

त्या दिवशी दोघांनी मिळून मला घासले. तिने एका बाजूने, त्याने एका बाजूने. वाळूचा आवाज बारीक झाला की तो म्हणायचा, "बदल." ती धुऊन नवी वाळू टाकायची. आधी टाकी गेली. मग केस गेले, भुवया गेल्या. हसू सगळ्यात खोल होते. ते जायला दुपार झाली. पांढरट चिखल ओघळून मोरीत जात होता आणि म्हाताऱ्याचे हात कुठेही हलके झाले नाहीत. मी दोन बोटांएवढाच उरलो.

मग तिने टाकी पुन्हा काढली. या वेळी चार तिरक्या रेघांपैकी एक तिने पुसली आणि तीनच ठेवल्या. चौथा पाय मागे असतोच, दिसायला हवा असे नाही, असे ती म्हणाली. टपाल त्या दिवशी न बोलावता आला आणि एक शब्द न बोलता यंत्र चालवून गेला. त्याच्या परीने ते फार मोठे प्रायश्चित्त होते. कागद उठला तो असा, की गोलाच्या आत फक्त कागदाचा पांढरा रंग होता.

पुढचे मला टपालकडून कळले. मंडळाने कागद पुन्हा पाहिला. चांगला आहे, पण गूढ गेले, असे परीक्षक म्हणाले. खोली एका तरुणाला मिळाली. त्याने स्वतःचाच चेहरा चारदा काढला होता. तिचे चित्र मुख्य दालनात लागले नाही, जिन्याच्या वळणावर लागले.

"पण एक गंमत आहे," टपाल सांगत होता. "जिना उभाच्या उभा आहे. वळणापर्यंत आलं की सगळ्यांना दम लागतो. माणसं तिथेच थांबतात. आणि थांबलं की करणार काय? टाकी बघतात. त्या पोराच्या चार चेहऱ्यांपुढे कोणी इतकं उभं राहत नाही."

म्हाताऱ्याला ती हात धरून घेऊन गेली होती. त्याला धुक्यात एक मोठा गोल दिसला.

"आणखी काय आहे?" त्याने विचारले.

"तीन रेघा. एक शिडी."

"बस्स?"

"बस्स."

"रेघ तुझी आहे," तो म्हणाला. "माझ्या हाताखाली शिकलेल्यांपैकी कोणाचीच रेघ अशी नव्हती. मी शिकवलेली नाही ही." टपाल म्हणतो की तो हे तक्रारीच्या सुरात बोलला. टपालला सूर कळत नाहीत.

ती दुसऱ्या दिवशी लेबलांच्या कामावर आली. पुढे कित्येक वर्षे ती दिवसा लेबले काढायची आणि उरलेल्या वेळात माझ्यावर स्वतःची चित्रे. पूल, विजेचे खांब, तीन पायांची खुर्ची. नाव हळूहळू झाले. जिन्यात थांबलेल्यांपैकी एकाने एक चित्र मागितले, मग दुसऱ्याने. मोठ्या गाजावाजाची गोष्ट सांगता आली असती तर बरे झाले असते, पण घडली ती एवढीच. प्रत्येक चित्रासाठी मला घासले गेले आणि एकाही वेळी कोणी हात राखला नाही.

मग छापखान्यातून दगड गेले आणि पत्रे आले. माझे सोबती अंगणात फरशी म्हणून पालथे पडले. लोक त्यांच्यावर चपला झटकतात. मला तिने हातगाडीवर घालून घरी आणले. आता मी यंत्राचा दाब सोसू शकत नाही, इतका पातळ झालो आहे. तिच्याकडे चित्रकला शिकायला मुले येतात, त्यांच्या पाण्याच्या वाट्या माझ्यावर ठेवलेल्या असतात. तेच तुम्ही.

म्हणून एवढेच सांगायचे आहे. वाट्या ठेवा, त्याचे काही नाही. पण रंगाचे डाग वाळण्याआधी पुसत जा, माझ्यावर कात्रीने नावे कोरू नका, आणि अंगणातल्या त्या पालथ्या दगडांवरून जाताना एखादा जरा उलटून बघा. कोणाचे तरी न लिहिलेले नाव खालच्या बाजूला असेल. जुने चित्र पुसावे लागले तर जरूर पुसा, जागा लागते. फक्त ते कोणाचे आहे ते आधी विचारा, आणि तो माणूस जिवंत असेल तर त्याला शेजारी बसवा.

हिशेब राहिला. परीक्षकांनी काही दिले नाही. खोली मंडळाची होती आणि शब्दांना खर्च येत नाही. टपालने एका दिवसाचे मौन दिले. मालकाचा कॅलेंडरांचा नफा बुडाला. तो मुळात मिळालेलाच नव्हता, पण शेवटपर्यंत तो त्याला नुकसानच म्हणत राहिला. मी माझी जाडी दिली. तिने उत्तरेची खिडकी दिली, दोन वर्षांची. आणि म्हाताऱ्याची उभ्या आयुष्यात एकदाच कोणीतरी वाखाणणी केली, ती त्याने स्वतःच्या हातांनी घासली आणि मोरीत सोडून दिली. सगळ्यात मोठी रक्कम त्याने भरली.